पोहायच्या आधी

"दिवसभर एवढ्या लोकांच्या पाठी दाबता, मग तुमची पाठ कोण दाबतं?"

हा प्रश्न ती फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारला. तोही खुर्चीत नीट बसायच्या आत! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज घशातच अडकायचा, तिने.

आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र खळखळून हसल्या.

"नवरा दाबतो. त्याला जमत नाही आणि मला सांगवत नाही. बरं, तुला पोहायचंय ना?"

"शाळेच्या संघात. शनिवारपर्यंत नाव द्यायचंय. पण बाबा म्हणतात, आधी जाणकाराला विचार, मग पाण्यात उडी मार."

"म्हणणारच!" बाबा म्हणाले. ते रंगारी होते. वीस वर्षं लोकांच्या भिंती आणि छतं रंगवत आले होते. "मी स्वतः कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही, मॅडम. पण पोरीच्या बाबतीत हयगय नको. न विचारता व्यायाम सुरू केला आणि कुठे काही लचकलं म्हणजे?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "चल, हात वर कर."

तिने दोन्ही हात वर केले. दंड थेट कानांना टेकले.

"छान. आता बाबा, तुम्ही."

"मी कशाला?"

"शरीराची ठेवण घरातूनच येते. तुमचा खांदा बघितला की हिचं पुढचं कळेल."

बाबा खूश झाले. "बघा की! हिने सगळं माझंच घेतलंय."

"नाकसुद्धा," आई पुटपुटली.

बाबांचा डावा हात सटकन वर गेला. उजवा खांद्याच्या रेषेत आला आणि तिथेच थांबला.

"सकाळपासून रंगाचे डबे उचललेत," बाबांनी घाईघाईने सांगितलं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग दोघांना हात मागे पाठीवर न्यायला सांगितलं. तिची बोटं पाठीच्या मध्यावर सहज पोचली. बाबांचा अंगठा पँटच्या मागच्या खिशापाशीच अडला.

"रोज एवढाच जातो?"

"वय झालं, दुसरं काय!"

"वय कसलं?" आई म्हणाली. "वरच्या फळीवरचा डबा मी स्टुलावर चढून काढते आणि हे खाली उभे राहून सूचना देतात."

"मॅडम, माझं राहिलंय हं!" ती कुरकुरली. "शनिवार आलाय जवळ."

"थांब गं, घाई कसली?" बाईंनी बाबांचं कोपर धरून हात अलगद बाहेर वळवला. "दुखतं?"

"छे!" बाबा डोळे घट्ट मिटून म्हणाले.

"असा खांदा असला तर पुढे काय होतं?" तिने विचारलं. या वेळी तिचा आवाज जरा हळू होता.

"दुर्लक्ष केलं तर आखडत जातो. मग शर्ट घालणंही जड. पण वेळेत व्यायाम सुरू केला, तर बहुतेक वेळा पुन्हा मोकळा होतो."

"ऐक, नीट ऐक!" बाबांनी तिच्याकडे बोट केलं. "म्हणून म्हणत होतो, आधी सल्ला!"

बाईंनी एक कागद भरला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला. "रोज दोन वेळा. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, दुखेल तिथे थांबायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या. आणि टाळाटाळ चालणार नाही."

"मी आहे ना!" बाबा ऐटीत म्हणाले. "एक दिवस चुकू देणार नाही. शब्द देतो."

तिघं जिना उतरली. बाहेर छान ऊन पडलं होतं. बाबा शीळ घालत होते. फाटकापाशी त्यांनी विचारलं, "मग? कधीपासून?"

ती थांबली. वर्गात भाषणाला उभं राहावं तशी दोघांच्या समोर उभी राहिली. घसा खाकरला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी पोहायला जाणार नाहीये, मला तर कमरेएवढ्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते. गेल्या आठवड्यात मी अपॉइंटमेंट घेतली ती तुमच्या नावाने, बाबा, आणि बाईंनाही तेव्हाच सगळं सांगून ठेवलं होतं. उद्या सकाळी सहा वाजता भिंतीसमोर तुम्ही उभे राहणार आहात."