दोन किलो शंभर ग्रॅम

आमच्या पनवेलच्या डायलिसिस केंद्रात सहा मशीन आहेत. एका रुग्णाच्या चार तासांना एकशे वीस लिटर शुद्ध पाणी लागतं. ते शुद्ध करताना जवळपास तेवढंच पाणी मागच्या पाइपातून गटारात जायचं.

फेब्रुवारीत ते डायलिसिसला येणाऱ्या करंजाड्याच्या सखूबाईंनी पाहिलं. "मना प्यायला दिवसाला एक लिटर मोजून देतस, आन् तुजा पाइप बघ कसा वाहतोय!"

"ते खारट पाणी आहे, आजी."

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "मिठागरात जल्म गेला माजा. याला खारट नाय म्हनत."

मी क्षार मोजायचा मीटर बुडवला. दोनशे चाळीस. भाजीला चालणारं पाणी. पुढच्या वेळी त्या पदरात बिया बांधून आल्या आणि पाइपाशी लावून गेल्या.

मे महिन्यात त्यांच्या नातीची हळद होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की त्या दिवशी वजन मागच्या डायलिसिसपेक्षा दोन किलोंहून जास्त वाढलेलं दिसलं तर चारऐवजी पाच तास मशीनवर. म्हणजे हळद चुकणार. सखूबाई काट्यावर उभ्या राहिल्या. वाढ दोन किलो शंभर ग्रॅम.

"आजी! पाणी प्यायलात ना?"

"मी नाय. यानं पिला." त्यांनी पदराखालून दुधी काढला. "तुज्याच पाइपाचा हाय. आताच तोडला. धर."

मी दुधी हातात घेतला आणि काटा पुन्हा वाचला. वाढ नऊशे ग्रॅम.