न जुळणारी फांदी

“थांबव. मघाचं पुन्हा लाव,” सोनबा म्हणाला.

रविराजने कपाळाला हात लावला. बारामतीत इंटरनेटचं दुकान टाकून त्याला तीन महिने झाले होते आणि एवढी गर्दी एकदाही झाली नव्हती. कळस गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती. आठ जणांच्या खोलीत तीस जण बसले होते, उरलेले जिन्यावर. “आबा, एवढं यायला पाऊण तास लागलाय. मध्येच लाइन तुटली तर परत पहिल्यापासून.”

“मग पहिल्यापासनं. आमाला कुठं जायचंय?”

साल १९९९. सोनबाची लेक मनिषा ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात मेंढ्यांवर संशोधन करत होती. तिचं व्याख्यान विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलं होतं. जगात कुणीही, कुठेही बसून ऐकावं. तिथे मेंढ्यांना तोटा नव्हता, तरी पोरीने विषय घेतला होता तो बापाच्याच कळपाचा. बोलणं सगळं इंग्रजीत. तिसातल्या अठ्ठावीस जणांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण आवाज मनिषाचा होता आणि तेवढ्यावर माना डोलत होत्या. तिची आई शकुबाई पहिल्याच वाक्याला म्हणाली, “पोरीला सर्दी झालीया.” आवाज टेलिफोनच्या तारेतून घासत येतोय, हे तिला पटवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

रविराज थांबून थांबून मराठीत सांगत होता. मनिषा लहान असताना कळपातली कोणती मेंढी कोणाची लेक, हे एका वहीत लिहून ठेवायची. ती शिकायला बाहेर पडली तरी वही सुटली नाही. सोनबा कुणाकडून तरी पत्र लिहून घ्यायचा आणि नव्या कोकरांची नावं कळवायचा. दोन वर्षांपूर्वी तिने येऊन कळपातल्या एकूण एक मेंढीचं रक्त नेलं. आईकडून लेकीकडे जशीच्या तशी जाणारी एक खूण रक्तात असते. वही काय म्हणते आणि रक्त काय म्हणतं, हे तिने ताडून पाहिलं होतं. पडद्यावर कळपाच्या वंशाचं झाड हळूहळू उतरलं. सगळ्या फांद्या काळ्या, म्हणजे जुळलेल्या. एकच फांदी लाल होती.

“ही छकुली नावाच्या मेंढीच्या लेकी-नातींची फांदी,” रविराज दुसऱ्यांदा सांगू लागला. “वही म्हणते, छकुली ही बांडीची लेक. रक्त म्हणतं, नाही. मनिषाताई म्हणतात, हे कोकरू माझ्या डोळ्यांदेखत जन्मलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते. मग वही चुकली की तपासणी, मला सांगता येत नाही. याचा उलगडा झाला नाही, तर माझी सगळी वहीच बाद धरावी लागेल.”

सोनबा पुढे सरकून पडद्यावरच्या लाल फांदीवर बोट ठेवून बसला. गावचे दादासाहेब त्याच्याजवळ आले. ते एकेकाळी साखर कारखान्याचे संचालक होते आणि समजूत काढणं हा आपला हक्कच आहे, असं त्यांना वाटायचं.

“सोनबा, मनाला लावून घेऊ नगा. पोरवय हुतं. एक मेंढी चुकली म्हणून काय झालं? आपल्या मतदारयादीत मेलेली माणसं हायती.”

“ती न्हाय चुकली,” सोनबा म्हणाला. “खोटं मी बोललो.”

शकुबाईने चमकून मान वर केली. हे तिलाही नवीन होतं.

“बांडीचं कोकरू दुसऱ्याच दिशी गेलं. पोर तापानं फणफणली हुती, निजल्या निजल्या कोकराचंच नाव घ्यायची. म्हस्कूची मेंढी विताना मेली हुती. तिचं कोकरू मी गुपचूप मागून आणलं. मेलेल्या कोकराचं कातडं काढून त्याच्या अंगावर बांधलं. बांडीनं हुंगलं, आपलंच समजली, पाजाय लागली. चवथ्या दिशी कातडं सोडलं. पोर उठून आली तवा कोकरू पीत हुतं. ती हसली. मग मी काय बोलणार?”

कातड्याची ही युक्ती खोलीतल्या प्रत्येक मेंढपाळाने कधी ना कधी केली होती. त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. पण आपण अठरा वर्षं गप्प बसलो आणि त्यापायी लेकीची वही साऱ्या जगापुढे संशयात आली, ही लाज सोनबाला होती. त्याने पटका काढून तोंड पुसलं आणि पुन्हा नीट बांधला.

“हितनं तिला कागुद धाडता येतो न्हवं?”

“येतो की. ई-मेल. लगेच पोचतो.”

“मग हे समदं लिही. म्हस्कूचा कळप वरकुट्याला हाय म्हणावं. तितल्या मेंढ्यांचं रक्त काढून बघ, लाल फांदी जुळती का न्हाय ते.”

रविराज इंग्रजी अक्षरांत मराठी बडवू लागला. शेजारून आठ-दहा जण त्याला काय काय लिहायचं ते सांगत होते. शेवटाला येऊन तो थांबला. “आबा, खाली काय लिहू? माफ कर, असं लिहू?”

“माफी मी फोनवर मागंन, एकट्यानं. हितं दुसरं लिही.” सोनबा उठून उभा राहिला. डोळे भरले होते, मान मात्र ताठ होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं, “लिही, पोरी, जे बांडीला हुंगून कळलं न्हाय, ते तू तितं बसून पकडलंस.”