माचू पिक्चूहून फोन

निहारच्या आईने, म्हणजे पासष्टीच्या नीलिमाताईंनी, पेरूमधल्या माचू पिक्चूचे अवशेष बघायला जायचं ठरवलं. तेही गाईडबरोबर चार दिवस डोंगर तुडवत. निहार हबकलाच.

"आई, तिथपर्यंत बस जाते. बसने जा ना!"

"बसायचंच असेल तर घरचा सोफा काय वाईट आहे?" त्या म्हणाल्या.

सिंगापुरात चढायला डोंगर कुठून आणायचा? मग टॅम्पिनीस भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट सोडून, पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन, त्या रोज अगदी वरच्या मजल्यापर्यंत जिना चढू लागल्या. डॉक्टरांनी सगळं तपासून परवानगी दिली, तरी निहारचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ट्रेक सुरू झाला आणि आईचा फोन लागेनासा झाला. निहारचं ऑफिसात लक्ष लागेना, घास घशाखाली उतरेना. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलपाशी ताटाकडे नुसता बघत बसला होता, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. मागे ढगांतून वर येणारं दगडी शहर, आणि पुढे उन्हाने रापलेली, धापा टाकत हसणारी आई.

निहारला रडूच आलं. "एका किडनीवर एवढा डोंगर चढलीस, आई! मी इथे भीतीने अर्धा झालो गं."

"माझ्याकडची मुळीच घाबरली नाही रे," नीलिमाताई म्हणाल्या, "तुला दिली तीच भित्री निघाली!"