विरजणामागे सरकलेलं शहर

रुळांवरची घरं दर सोमवारी आपोआप सरकत. कामाची माणसं शहराच्या मध्याजवळ, निकामी ठरलेली पार शहराच्या कडेला. या खेपेला आनशीबाईंचं घर गल्ली सोडून कडेला निघालं.

“मावशी, यंत्राचं गणित आहे. जिथे पावलं जास्त, तिथे शहराचा मध्य,” नगररचनेचे घारपुरे म्हणाले.

“असं होय! मग ने बापड्या.” दह्याचं मडकं मांडीवर घेऊन बाई गल्लीला ओरडल्या, “आता घरोघर आणून देणं बंद, विरजण माझ्याच दारात मिळेल गं!”

त्यांच्या विरजणाशिवाय शहरात कुणाचं दही जन्मात लागलं नव्हतं. आठवडाभर वाट्या घेऊन सगळं शहर कडेला लोटलं. सोमवारी यंत्राने नवा मध्य काढला, आणि घारपुऱ्यांचं ऑफिस गडगडत नदीपार निघालं.

बाई ओट्यावरून म्हणाल्या, “लांब पडलं तरी वाटी घेऊन ये हो!”