डाव्या पायाचा एक्स-रे

"याचा लिफ्टचा पास आत्ताच्या आत्ता काढून घ्या!" सत्यजित इंग्रजीतून ओरडला, तशी क्लिनिकमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. जड स्की बूट आपटत तो भिंतीशी उभ्या असलेल्या तरुणावर धावून गेला. "माझ्या मुलीचा पाय मोडलाय याने!"

भिंतीशी मातेओ उभा होता. पेरूहून हंगामापुरता कामाला आलेला. एरवी तो डोंगरावर नेणाऱ्या स्की लिफ्टवर लोकांना बसवून द्यायचा. आज सुट्टी होती, म्हणून स्नोबोर्ड घेऊन डोंगरावर गेला होता. "मी धडकलो नाही," तो परत परत सांगत होता. "ती उताराच्या कडेच्या जाळीत पडलेली दिसली, म्हणून मी थांबलो." डोंगरावरच्या सुरक्षा पथकातल्या, स्की पॅट्रोलच्या ग्रेगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आधार द्यायला नव्हे, तो पळू नये म्हणून.

क्लिनिकमध्ये एक्स-रे काढणारी राधिका त्या मुलीची व्हीलचेअर ढकलत एक्स-रेच्या खोलीकडे निघाली होती. राग तिलाही आला होता, मातेओचाच. कोलोरॅडोतल्या या गावात बर्फ पडायला लागला की तिच्या टेबलावर मोडलेली मनगटं आणि गुडघे यायचे. धडकून पसार झालेला एखादा तरुणही त्या हकिगतीत बहुतेक वेळा असायचाच. हा निदान सापडला तरी होता.

"लहान मुलं दिसत नाहीत का तुम्हाला?" जाता जाता ती त्याच्यावर खेकसली.

मातेओ गळ्यातला पास मुठीत धरून उभा होता. पास गेला की त्याची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर कामगारांच्या वसतिगृहातला पलंगही. भर जानेवारीत या गावात डोकं टेकायला दुसरी जागा मिळत नसे.

राधिकाच्या कोटावरचं नाव वाचून सत्यजित एकदम मराठीत आला. "तुम्ही आपल्याच ना? मग तुम्हीच सांगा यांना. टेक्सासमधून, प्लेनोहून अख्खा दिवस ड्राइव्ह करून आलोय आम्ही. पोरगी मस्त शिकत होती. मी स्वतः तिला मोठ्या उतारावर नेलं. जरा पुढे काय गेलो, तेवढ्यात हा!" तो मुलीसमोर वाकला. "शरयू, हाच होता ना? हो म्हण."

दहा वर्षांच्या शरयूने मान हलवली. ते हो होतं की नाही, राधिकाला कळलं नाही. सत्यजितने ते हो धरलं. मागे खुर्चीत तिची आई रीमा तिघांचे हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. आल्यापासून तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

खोलीचं दार लावलं तरी सत्यजितचा आवाज आत येत होता. वकील, मॅनेजर, पोलीस. राधिकाने शरयूचा डावा पाय हलक्या हाताने सरळ केला, फोटो काढला. पडद्यावर नडगीचं हाड तिरकं तुटलेलं स्वच्छ दिसत होतं.

"इज इट ब्रोकन?" शरयूने विचारलं. "लाइक, फॉर शुअर?"

"हो गं बाळा. पण जुळेल ते, घाबरू नकोस."

"सो, नो स्कीइंग टुमॉरो?"

"उद्या कसलं? या हिवाळ्यात नाहीच आता."

शरयू हसली. एवढंसं, पण मनापासून. राधिकाचा हात जागच्या जागी थांबला. या टेबलावर मुलं रडली होती, ओकली होती, आईच्या नावाने किंचाळली होती. हाड मोडलंय हे ऐकून कुणी हसलं नव्हतं.

"तो मुलगा कुठून आला, शरयू? मागून?"

"ही डिडन्ट हिट मी."

"मग?"

"बाबा टर्न, टर्न म्हणत होता. मी वळलेच नाही."

"मुद्दाम?"

शरयूने मान डोलावली. "तो नंतर आला. मला थंडी वाजत होती, तर त्याने त्याचं जॅकेट दिलं."

ते जॅकेट अजून तिच्या अंगाखाली होतं. एवढ्या मोठ्या मापाचं जॅकेट या पोरीचं असेल, असं आपल्याला वाटलंच कसं? राधिकाने जॅकेट ओढून घेतलं, दार उघडलं आणि ग्रेगला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, की हिला कुणीही धडकलेलं नाही, हिच्या तोंडून ऐकलंय मी. ग्रेगने हात काढून घेतला. राधिकाने जॅकेट पुढे केलं. "सॉरी," ती म्हणाली. मातेओने ते हिसकावून घेतलं आणि तिच्याकडे न बघता तो बाहेर पडला.

"नॉनसेन्स!" सत्यजित लालबुंद झाला. "घाबरलेली आहे ती, काहीही बोलेल. तुम्हीच भरवलंत हे तिच्या डोक्यात!"

"ओरडू नका. तिला विचारा," राधिका म्हणाली आणि तिने शरयूला व्हीलचेअरमध्ये बसवून त्याच्यापुढे आणलं.

"खोटं का बोलतेस, शरयू?"

"नाही बोलत. मीच पडले, बाबा."

सत्यजित गर्रकन रीमाकडे वळला. "ऐकलंस? तुझे लाड हे! अगं, कुणी मुद्दाम पाय मोडून घेतं का?"

रीमा उठली. मांडीवरचे हातमोजे खाली पडले, तिने ते उचलले नाहीत. आवाज न चढवता ती सत्यजितला म्हणाली,

"काल झोपताना ती मला म्हणाली होती, 'आई, उद्या मी पडणार आहे.' मला वाटलं, भीती वाटतेय म्हणून म्हणतेय."