कुजलेलं बी

रविनाने चुलीपुढे दोन झुकिन्या ठेवल्या. कोवळ्या, पट्टेरी, देठाला अजून चीक.

तिचा बाप मंगळू पाय धुऊन आत आला. झुकिन्या दिसल्या तशी त्याची टॉवेलवरची बोटं थांबली.

"कुठून आणल्यास?"

"कमूमावशीच्या परसातून. जीपमधून उतरले तर तिनंच हाक मारली. 'रविने, ही साहेबांची काकडी ने गं. मला बेचव लागते, तुझ्या बापसाला आवडते.'"

मंगळू पाटावर बसला.

"पाच झाडं आहेत तिथं. सगळ्यांना फळं. म्हणाली, 'तुझ्या बापसानंच बी टाकलं. रोज येतो पाणी घालाया.'"

"तिथं ओल बरी आहे," तो म्हणाला.

रविनाने विळी पुढे ओढली.

मागच्या हिवाळ्यात बियांचं पाकीट तिनेच मोखाड्याहून आणलं होतं. पोशीने, तिच्या आईने, शेवटचं एक फळ कुणाला तोडू दिलं नाही. देठाला लुगड्याची चिंधी बांधली आणि दुधीचं करतात तसं ते पिवळं, टणक होऊ दिलं. बी राखेत घोळवून वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरलं आणि चुलीवर धुराला टांगलं. या दिवाळीनंतर ती खाटेवरून उठेना, तेव्हा तुंबा नवऱ्याच्या हातात दिला. तो रोज परसातल्या आळ्यांत पाणी ओतायचा. ती रोज विचारायची, "आलं का?"

एके दिवशी तो म्हणाला, "कुजलं तुझं बी."

"ओलंच भरलं असंल मी," पोशी लेकीला म्हणाली होती. "घाई केली गं. तुझं बी वाया घालवलं." मग जो येईल त्याला तेच सांगत राहिली. ती गेली, तिचे दिवस परवा झाले.

"कमू एकटी बाई आहे," मंगळू म्हणाला. "कुणी बघायला नको?"

रविना चिरत राहिली.

"भूक लागली, पोरी. वाढ लवकर."

भाजी शिजली. तिने पळसाच्या पानावर थोडी काढली आणि पान त्याच्यापुढे धरलं. घरात वर्षाची नवी भाजी शिजली की पहिला घास मागच्या दाराशी ठेवायचा आणि घरातल्या कर्त्याने गेलेल्यांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलवायचं. मंगळूने हे कधी चुकवलं नव्हतं.

"आज तू ठेव," तो म्हणाला.

"मी कशी ठेवू? कर्ता तू."

"तुझी आईच ना ती. तुझ्या हातचं चालंल तिला."

रविनाने पान मागे घेतलं नाही.

तो उठला. मागच्या दारात उकिडवा बसला, पान जमिनीवर टेकवलं. पुढ्यात बियांसाठी केलेली आळी होती, कोरडी, कडा फुटलेली. त्याने बापाचं नाव घेतलं. आज्याचं घेतलं. "नवं आलं, जेवा," म्हणाला आणि उठायला लागला.

"अजून एक नाव आहे, बाबा."

तो तसाच अर्धवट वाकून राहिला.

"हाक मार तिला," रविना म्हणाली. "सांग, बी उगवलं."