पहिला घाणा

आई जाऊन दीड महिना झाला होता. दिवाळीच्या पहिल्या ऑर्डरीसाठी नायगावच्या भाड्याच्या गाळ्यात मी चकल्या तळायला घेतल्या. काकू दारातूनच कडाडल्या, “दुःखाच्या वर्षी कोणी कढई चढवतं का गं?” “घरी नाही चढवली, काकू. घर आणि धंदा वेगळे ठेवा, हे उद्योजकतेच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं.” “गाळा वेगळा, पण हात त्याच मुलीचे ना? तुला आईचं दुःख नाहीच, दुकानाची घाई आहे.” मदतीच्या बाई पहिला घाणा काढून म्हणाल्या, “चव बघा, ताई. बिघडली तर ऑर्डर देणारे एव्हरशाईन सोसायटीवाले पुन्हा विचारणार नाहीत.” मी गरम चकली काकूंपुढे धरली. “मीठ तेवढं तुम्ही सांगा. वर्षभर मी तळलेलं तोंडात घालणार नाही.” काकू आत आल्या. मग त्यांनी चकली मोडली, सावकाश चावली. “मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.